यंत्रविचार : सांध्याची मर्यादा

१९६७ साली मेक्सिकोतील बाहा कॅलिफोर्नियाची खडतर शर्यत ‘मायर्स मँक्स’ या बग्गीने जिंकली. तिचा पाया होता फोक्सवॅगन बीटलचा. त्या बीटलच्या मागील ॲक्सलला दर बाजूस एकच सांधा असे; १९६९ पासून अमेरिकेतील बीटलला दोन सांधे आले. परंतु उडीनंतर चाक जितके खाली लोंबते, तितका सांध्याचा कोन वाढतो. मर्यादेपलीकडे तो अडकून तुटतो. म्हणून जाणता कारागीर गाडी उचलतो, स्प्रिंगचा ताण काढतो आणि चाक वरपासून खालपर्यंत नेत हाताने फिरवून पाहतो. सांधा जेथे अडू लागतो, त्याच्या थोडे अलीकडेच तो भक्कम पट्ट्याने चाकाला आवर घालतो. वाचकहो, चाकाची धाव दोन बोटे कमी झाली तरी चालेल. भर वाळवंटात तुटलेला ॲक्सल परवडत नाही.