एकोणीस जोड्यांचं कोडं

प्राणिशास्त्राची सुरुवात कुठून करायची? बहुतेक पुस्तकांत पहिल्या पानावर अमीबा, मग स्पंज, मग जंत, अशी रांगच लागलेली असते. नावं पाठ करता करता आपली दमछाक होते. आणि गंमत म्हणजे, त्यातला एकही प्राणी आपण नीट पाहिलेला नसतो!

टी. एच. हक्स्ली (१८२५–१८९५) या इंग्रज शास्त्रज्ञांनी वेगळी वाट धरली. हे डार्विनचे खंदे पाठीराखे. त्यांचं स्वतःचं शालेय शिक्षण जेमतेम दोन वर्षांचं, पण शिकवण्याची हौस दांडगी. १८७१ साली त्यांनी लंडनमध्ये खास शाळाशिक्षकांसाठी उन्हाळी वर्ग घेतला. तिथं नुसतं ऐकायचं नाही, तर प्राणी स्वतः उघडून बघायचा! पुढे १८८० साली त्यांचं ‘द क्रेफिश’ हे पुस्तक आलं. प्राणिशास्त्राची ओळख करून देणारं अख्खं पुस्तक, आणि तेही एकाच प्राण्यावर!

क्रेफिशच्या नावात ‘फिश’ असलं तरी तो मासा नव्हे, बरं का. तो शेवंडीचा गोड्या पाण्यातला धाकटा भाऊ. युरोपातला क्रेफिश दहा-बारा सेंटिमीटर लांब असतो. दिवसा ओढ्यातल्या दगडाखाली दडून बसतो आणि रात्री पोटापाण्यासाठी बाहेर पडतो. घाबरला की शेपटी पोटाखाली झटकन ओढतो आणि सुर्रकन मागे पळतो.

त्याच्या अंगाला अवयवांच्या एकोणीस जोड्या असतात. मोजून पाहा हं: मिशांच्या दोन, तोंडाशी खाण्याच्या कामाच्या सहा, चालायच्या पायांच्या पाच (त्यातल्या पहिल्या जोडीचे मोठे आकडे), आणि शेपटीकडच्या भागाखाली सहा. झाल्या एकोणीस! दिसायला प्रत्येक जोडी वेगळी. एक वास घेते, एक चावते, एक चालते, एक पाणी ढवळते. पण हक्स्ली म्हणतात, जरा निरखून बघा. मुळात सगळ्यांचा साचा एकच आहे, एक देठ आणि त्याला दोन फांद्या. शेपटीखालच्या वल्ह्यांत दोन्ही फांद्या शाबूत दिसतात. चालायच्या पायात एक फांदी गळाली, दुसरी लांब झाली. जबड्यात देठच रुंद आणि कणखर झाला. एकाच कणकेची पोळी लाटावी, पुरी लाटावी आणि शंकरपाळेही करावेत, तसंच हे! हे एकदा कळलं की एकोणीस नावं घोकायची गरजच उरत नाही. पुढे खेकडा हाती आला की आपण आपसूक विचारतो, ‘अरे, याची शेपटी कुठे गेली?’ आणि ती पोटाखाली दुमडलेली सापडते.

क्रेफिशच्या जठरात दात असतात, त्यामुळे अन्न दळलं जातं पोटात! अंगावरचं कवच वाढत नाही, म्हणून वाढताना ते टाकून द्यावं लागतं. त्याआधी तो कवचातला चुना जठराच्या भिंतीत दोन पांढऱ्या खड्यांच्या रूपात साठवतो. कात टाकली की हे खडे विरघळतात आणि तो चुना नव्या कवचाच्या कामी येतो. एकेकाळी युरोपात हे खडे औषध म्हणून विकले जात.

आपल्या भारतात मात्र मूळचा क्रेफिश एकही नाही. आफ्रिका खंडाच्या मुख्य भूमीवरही नाही, पण शेजारच्या मादागास्कर बेटावर आहे! असं का असावं, कोणता प्राणी कुठे राहतो आणि का, यावरही हक्स्लींनी त्या पुस्तकात एक प्रकरण लिहिलं.

हक्स्लींच्या काळी इंग्लंडमधल्या ओढ्यांत क्रेफिश सहज मिळे. पुढे १९७० च्या दशकात तिथे शेतीसाठी अमेरिकन क्रेफिश आणले गेले. त्यांच्याबरोबर एक साथीचा रोगही आला. पाहुण्यांना त्याचा फारसा त्रास होत नाही, पण मूळ रहिवासी पटापट मरतात. आज इंग्लंडचा तो साधासुधा क्रेफिश संकटग्रस्त प्राण्यांच्या यादीत आहे. परवान्याशिवाय त्याला पकडताही येत नाही.

आपल्याकडे क्रेफिश नाही, पण कोळंबी आहे ना! एस. एस. पटवर्धन यांनी नदीतल्या कोळंबीवर असाच सविस्तर ग्रंथ १९३७ साली लिहिला. आपणही करू या. घरी कोळंबी आणली, तर आईला सांगून एक डोक्यासकट मागून घ्या. (घरी चालत नसेल, तर शेताच्या बांधावरचा खेकडा लांबूनच बघा. त्याला पकडू नका, तो चांगलाच चावतो!) कोळंबीच्या डोक्यावरचा काटा टोचतो, तेव्हा मोठ्यांना जवळ बसवा. एकेक जोडी अलगद सुटी करून पुठ्ठ्यावर ओळीने मांडा. एकोणीस भरतात का? तोंडाजवळच्या जोड्या इवल्याशा असतात, हमखास निसटतात. घाई करू नका. पालकांनो, नावं सांगायची घाई तुम्हीही करू नका. ‘हा पाय की दाढ?’ असा वाद मुलांना थोडा घालू द्या.

मग चालायच्या पायांकडे बघा. किती जोड्यांच्या टोकाला चिमटा आहे? पहिल्या तीन जोड्यांना असेल, तर ती बाजारात नेहमी मिळणाऱ्या समुद्री कोळंबीच्या कुळातली. दोनच जोड्यांना, आणि त्यातली दुसरी चांगली लांब असेल, तर नदीतली. आणखी एक करा. शेपटीकडच्या भागाच्या दुसऱ्या कड्याचं कवच बाजूने पाहा. ते पहिल्या कड्याच्या वर आहे की खाली? दोन्ही कोळंब्यांत उत्तर वेगळं येतं. वहीत चित्र काढून ठेवा, पुढच्या आठवड्यात त्यावर बोलू.