लिफ्ट पास फुकट, पण टाइमशेअर कितीला?
अमेरिकेत कोलोरॅडोतल्या ब्रेकेनरिजला स्कीइंगसाठी गेलात, तर स्वस्त खोली किंवा सवलतीच्या लिफ्ट पासची ऑफर मिळू शकते. अट एकच: दीड-दोन तास टाइमशेअरचं प्रेझेंटेशन ऐकायचं. टाइमशेअर म्हणजे रिसॉर्टमधला वर्षातला ठरावीक काळ किंवा पॉइंट्स विकत घेणं. खरी मेख पुढे आहे. पूर्ण पैसे भरले तरी दरवर्षीची मेंटेनन्स फी सुटत नाही आणि विकायला काढलं तर गिऱ्हाईक मिळणं कठीण. त्यामुळे ‘ऑफर फक्त आजच’ ऐकलं की सही टाळा. केलीच असेल, तर कोलोरॅडोच्या कायद्यानुसार ५ दिवसांत करार रद्द करता येतो. पण आठवड्याच्या सुट्टीत ही मुदत तिथेच संपते. म्हणून घरी परतायची वाट पाहू नका. लेखी नोटीस लगेच पाठवा.