बळीचा प्रश्न, पेत्राचा प्रश्न

दिवाळीच्या पाडव्याला ज्या बळीचे राज्य यावे म्हणून आपल्या घराघरांत ओवाळतात, त्या बळीने एकदा आजोबांना, प्रल्हादाला, विचारले होते : क्षमा श्रेष्ठ की तेज? हा संवाद वनपर्वात येतो आणि तो सांगते द्रौपदी. द्यूतसभा होऊन गेली आहे, पांडव वनात आहेत, धर्मराज शांत आहेत आणि ती शांतता तिला सहन होत नाही. म्हणून ती प्रल्हादाचे उत्तर त्यांना ऐकवते. सदा क्षमा बरी नाही आणि सदा तेजही बरे नाही. जो नेहमीच क्षमा करतो त्याला नोकरचाकरही जुमानत नाहीत. त्याची वस्त्रे, वाहने, आसने खुशाल वापरतात. मग प्रल्हाद अगदी तपशिलात शिरतो. पूर्वी ज्याने उपकार केला त्याचा मोठा अपराधही पोटात घालावा. अजाणता घडलेला अपराध माफ करावा. पण जाणूनबुजून करून वर ‘मला ठाऊक नव्हते’ म्हणणाऱ्याची गय करू नये. पहिला अपराध सर्वांनाच माफ. दुसऱ्याला मात्र तो लहान असला तरी शिक्षा.

मत्तयाच्या शुभवर्तमानात, अठराव्या अध्यायात, पेत्र येशूला असाच प्रश्न विचारतो. भावाने माझा अपराध केला तर किती वेळा क्षमा करू? सात वेळा? येशू म्हणतो, सात नव्हे, साताच्या सत्तर वेळा. आणि लगेच एक गोष्ट सांगतो. एका चाकराकडे राजाचे दहा हजार तालांत येणे असते. सात जन्म राबूनही फिटणार नाही एवढे ते कर्ज. चाकर पाया पडतो, राजा सगळे सोडून देतो. तोच चाकर बाहेर पडतो आणि अवघे शंभर दीनार देणे असलेल्या सोबत्याची नरडी धरतो.

दोन्ही उत्तरे शेजारी ठेवून वाचली की फरक डोळ्यांत भरतो. प्रल्हाद अपराध्याकडे बघतो : तो कोण, त्याने काय केले, कितव्यांदा केले. येशू क्षमा करणाऱ्याला विचारतो : तुझे स्वतःचे किती सुटले आहे? ख्रिस्ती श्रद्धेत माणसाने क्षमा करायची ती त्याला आधी मिळाली म्हणून, आणि मिळाली तीही पुण्याईने नव्हे, कृपेने. गीतेच्या सोळाव्या अध्यायात क्षमा दैवी संपत्तीत मोजली आहे. पण कर्मसिद्धान्ताप्रमाणे मी माफ केल्याने करणाऱ्याचे कर्म पुसले जात नाही. ते या जन्मी नाही तर पुढच्या जन्मी त्याच्यापुढे उभे राहणारच. ख्रिस्ती माणसाला पुढचा जन्म नाही. जो समेट करायचा तो याच आयुष्यात, म्हणून त्याच्या क्षमेला घाई आहे. भक्तिमार्गाने मात्र कर्माचा हिशेब देवाच्या दयेवर सोपवला, आणि 1895 साली बाप्तिस्मा घेतलेल्या नारायण वामन टिळकांना तुकोबांच्या वाटेने ख्रिस्ताकडे जाता आले ते त्यामुळेच, असे आम्हाला वाटते.

‘सगळे धर्म एकच सांगतात’ हे वाक्य आपण सणासुदीला फार सहज बोलून जातो. त्यामागची भावना चांगली आहे, यात शंका नाही. पण त्या वाक्यानंतर शेजाऱ्याचे ऐकायला काही उरतच नाही. शेजारी वेगळे काही सांगतो आहे, हे मान्य केले तरच त्याच्याकडून काही घेता येते.

ओडिशातल्या मनोहरपूर गावात जानेवारी 1999मध्ये ग्रॅहॅम स्टेन्स आणि त्यांची फिलिप व टिमथी ही दोन लहान मुले गाडीत झोपलेली असताना जाळली गेली. स्टेन्स बारीपदा इथे कुष्ठरोग्यांची सेवा करीत होते. त्यांच्या पत्नी ग्लॅडिस यांनी मारेकऱ्यांना क्षमा केल्याचे जाहीरपणे सांगितले आणि पुढची काही वर्षे तेच काम चालवले. न्यायालयानेही आपले काम केले; मुख्य आरोपीची जन्मठेप 2011मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कायम ठेवली. पेत्राला मिळालेले उत्तर आणि बळीला मिळालेले उत्तर एकाच घटनेत, एकमेकांना न खोडता, खरे ठरले.

आणि म्हणूनच सोसणाऱ्यालाच ‘आता विसर, माफ कर’ असे बजावणाऱ्यांचा आम्हाला राग येतो. मार खाणाऱ्या बाईला हे सांगितले जाते, पिढ्यान्‌पिढ्या गावकुसाबाहेर ठेवलेल्यांना सांगितले जाते. धर्माच्या नावाने सांगितले तरी ती क्षमेची शिकवण नव्हे, ती दडपणूक आहे. द्रौपदी वनपर्वात गप्प बसत नाही, हे व्यासांनी मुद्दाम नोंदवले आहे. आधी बोलायचे ते अपराध करणाऱ्या बाजूने. 12 मार्च 2000 रोजी पोप जॉन पॉल दुसरे यांनी चर्चच्या लेकरांनी इतिहासात केलेल्या पापांची व्हॅटिकनमध्ये उघड क्षमा मागितली. आपल्याकडे 1947च्या मे महिन्यात साने गुरुजी पंढरपुरात उपोषणाला बसले, ते विठ्ठलाचे दार अस्पृश्य मानलेल्यांना उघडावे म्हणून. आपल्याच समाजाच्या अपराधाचे प्रायश्चित्त त्यांनी स्वतःच्या देहावर घेतले. क्षमा मागण्याची ही बाजू आपल्या सार्वजनिक जीवनात फार दुबळी राहिली आहे.

यंदाचा दिवाळी अंक आम्ही ‘क्षमा’ या विषयाला वाहिला आहे. लेखकांना एकच विनंती केली होती : दोन्ही धर्म सारखेच, असे म्हणून थांबू नका, जिथे पटत नाही तिथेही स्पष्ट लिहा. त्यांनी ती मानली, म्हणून पुढच्या पानांत काही मते एकमेकांना छेद देणारी आहेत. ती तशीच ठेवली आहेत. फराळाचे ताट घेऊन शेजारी जाल तेव्हा या वर्षी थोडे जास्त वेळ बसा, त्यांच्या देवाबद्दल विचारा आणि काय ऐकलेत ते आम्हाला कळवा.