वक्फ, विंडोज आणि आपल्या दोन लिप्या

१४ ऑक्टोबर २०२५ या दिवशी मायक्रोसॉफ्टने विंडोज १० ला सुरक्षेच्या दुरुस्त्या पुरवणे थांबवले. पैसे भरून किंवा काही अटी मान्य करून थोडी मुदतवाढ मिळते, पण ती तात्पुरतीच. पुढे जायचे तर विंडोज ११ हवी. तिला टीपीएम २.० नावाची सोय आणि साधारण २०१७-१८ नंतरचा प्रोसेसर लागतो. त्याआधीचे संगणक कंपनीच्या हिशेबाने बाद.

पुण्यातल्या एखाद्या कार्यालयाला याचे काही वाटणार नाही. पण मावळात, कार्ल्यापासून कामशेत-वडगावपर्यंत मी ज्या शाळांच्या संगणक खोल्या पाहिल्या आहेत, तिथली बरीचशी यंत्रे जुनी आहेत. कुणी कारखान्याने वापरून झाल्यावर दिलेली, कुणी देणगीतून घेतलेली. ती बिघडलेली नाहीत. कळफलक चालतो, पडदा उजळतो, मुले त्यावर टाइप करतात. तरी ती निकामी ठरली, कारण हजारो मैलांवरच्या एका कंपनीने तसे ठरवले. शिवणयंत्र चालू असताना ते विकणाऱ्या कंपनीने येऊन 'आता यावर शिवू नका' असे सांगितले, तर आपण ऐकून घेऊ का? संगणकाच्या बाबतीत मात्र मुकाट ऐकतो.

माझे मत सुरुवातीलाच सांगतो. आपल्या मराठी आणि उर्दू शाळांनी मुक्त सॉफ्टवेअरकडे वळावे. ते फुकट मिळते हे यामागचे सर्वांत छोटे कारण आहे.

इंग्रजीत 'फ्री' या एकाच शब्दात दोन अर्थ कोंबले आहेत आणि त्यावरून तिकडे चाळीस वर्षे खुलासे चालू आहेत. आपल्याला ती अडचण नाही. मराठीत फुकट वेगळे आणि मुक्त वेगळे. उर्दूत मुफ्त वेगळे आणि आझाद वेगळे. रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८३ मध्ये ग्नू प्रकल्प जाहीर केला तो आझाद सॉफ्टवेअरसाठी. आज्ञावली कशी लिहिली आहे ते पाहता यावे, तिच्यात बदल करता यावा, ती दुसऱ्याला देता यावी, हे त्यांचे म्हणणे. १९९१ मध्ये लिनस टोरवाल्ड्स या फिनलंडच्या विद्यार्थ्याने लिनक्सचा गाभा लिहिला आणि पुढे तो याच शर्तींवर जगाला दिला. आज आपल्या खिशातला अँड्रॉइड फोनही त्याच गाभ्यावर चालतो.

आता अवघड गोष्टीकडे येऊ. आपल्या गावांत विंडोज आणि ऑफिस विकत घेणारे किती? संगणक जोडून देणारा दुकानदार 'सगळं टाकून देतो, सर' म्हणतो आणि आपण मान डोलावतो. ती प्रत चोरीची असते हे त्यालाही ठाऊक असते आणि आपल्यालाही. मग त्याच संगणकासमोर बसवून आपण मुलांना अमानतदारी शिकवतो. १९८८ मध्ये कुवेतला भरलेल्या आंतरराष्ट्रीय इस्लामी फिक्ह अकादमीच्या अधिवेशनाने लेखन आणि शोध यांवरचा हक्क शरीयतनुसार सुरक्षित मानला. काही उलेमांचे मत वेगळे आहे, याची मला कल्पना आहे. पण फतव्याची वाट कशाला पाहायची? मान्य केलेली शर्त मोडायची आणि लपवून वापरायचे, याला आपल्या आजीच्या भाषेत काय म्हणतात ते सगळ्यांना माहीत आहे.

आणि या चोरीने कंपनीचे फारसे बिघडतही नाही. १९७६ मध्ये बिल गेट्स यांनी संगणक छंदिष्टांना खुले पत्र लिहून सॉफ्टवेअरच्या फुकट नकलांबद्दल फटकारले होते. तेच गेट्स १९९८ मध्ये चीनबद्दल बोलताना अशा अर्थाचे म्हणाले की, लोक चोरणारच असतील तर आमचेच चोरलेले बरे. त्यांना सवय लागेल, वसुलीचे पुढे पाहू. म्हणजे चोरीची प्रत वापरणारा स्वतःला हुशार समजतो, पण तो त्यांच्या पुढच्या गिऱ्हाइकाची शिकवणी फुकटात घेत असतो. आपल्या राज्यात एमएस-सीआयटी केलेली लाखो मुले आहेत. त्यातले 'एमएस' म्हणजे महाराष्ट्र स्टेट, पण मला भेटणाऱ्या कित्येक पालकांना ते मायक्रोसॉफ्ट वाटते. यात त्यांचा दोष नाही. वर्षानुवर्षे संगणक शिकणे म्हणजे विंडोज आणि ऑफिस शिकणे, असेच समीकरण राहिले आहे.

मी भाषेचा शिक्षक, म्हणून लिपीचे उदाहरण मला सगळ्यांत जवळचे. युनिकोड रुळण्याआधी मराठीचा प्रत्येक टंकसंच आपापल्या संकेताने चालायचा. एका संचातला 'क' दुसऱ्यात उघडला की भलतीच खूण दिसायची. त्या काळातल्या प्रश्नपत्रिका, स्मरणिका, दिवाळी अंकांचा मजकूर सीडीवर जसाच्या तसा पडून आहे, पण तो टंक हाताशी नसेल तर वाचता येत नाही. उर्दूचे दुखणे याहून जुने. नस्तालीकमध्ये अक्षरे ओळीत सरळ बसत नाहीत, उतरत्या पायऱ्यांनी येतात, शेजार बदलला की रूप बदलतात. मिर्झा अहमद जमील यांनी हजारो जोडाक्षरे एकेक करून लिहिली तेव्हा १९८१ च्या सुमारास नूरी नस्तालीक यंत्रावर आले. तोवर उर्दू वर्तमानपत्रे कातिबांच्या हातच्या लिखाणावर चालत. पुढे १९९४ मध्ये दिल्लीच्या कॉन्सेप्ट सॉफ्टवेअरने इनपेज आणले आणि उर्दू छपाई त्यावर उभी राहिली. त्या कामाचे मोल मोठे आहे. पण त्याच्या सुरुवातीच्या आवृत्त्यांचा संकेतही स्वतःचाच होता. म्हणजे एका पिढीचा उर्दू मजकूर एका उत्पादनाच्या कुलपात राहिला.

मायक्रोसॉफ्टने काहीच केले नाही असे म्हणणे बेइमानी होईल. विंडोजसोबत येणारा मंगल हा देवनागरी टंक र. कृ. जोशी यांनी घडवला. मराठीतला एक कवी आणि सुलेखनकार जगभरच्या संगणकांवर पोहोचला तो या कंपनीमुळे. उर्दूसाठी नस्तालीक वळणाचा टंक मात्र विंडोजमध्ये यायला विंडोज ८, म्हणजे २०१२ साल उजाडावे लागले. कोट्यवधी लोकांच्या भाषेला इतके थांबावे लागले, कारण कधी काय करायचे ते ठरवणारे आपण नव्हतो. मुक्त बाजूला काय झाले पाहा. गुगलने नोटो नस्तालीक उर्दू खुल्या परवान्याखाली दिला. मुंबईच्या एक टाइप या गटाने मुक्ता आणि बलू हे टंक खुले केले, आणि बलूच्या उर्दू-अरबी भावंडाचे नाव ठेवले बलू भाईजान! कुणीही घ्या, छापा, हवा तर सुधारा. उद्या ही मंडळी दुसऱ्या कामाला लागली तरी टंक आपल्याकडेच राहील.

कार्ल्यात राहून लेण्यांचा उल्लेख टाळता येत नाही. तिथल्या चैत्यगृहातले शिलालेख सांगतात की, ते काम एकट्या राजाचे नव्हते. वैजयंतीच्या भूतपाल श्रेष्ठीचे नाव आहे, तसेच धेनुकाकटाहून आलेल्या यवनांनी दिलेल्या खांबांवर त्यांची नावे आहेत. ज्याने जे दिले ते त्याच्या नावाने नोंदले आणि वास्तू सगळ्यांची झाली. मुक्त सॉफ्टवेअरमध्येही प्रत्येक दुरुस्तीखाली करणाऱ्याचे नाव राहते. त्याच लेखांची दुसरी गोष्ट अशी की, अक्षरे दगडात होती, डोळ्यांसमोर होती, तरी ती ब्राह्मी अनेक शतके कुणाला वाचता येत नव्हती. १८३७ च्या सुमारास जेम्स प्रिन्सेप यांनी ती उलगडली. लिपी विसरली गेली होती, पण कुणाच्या मालकीची नव्हती, म्हणून पुन्हा वाचता आली. मालकीच्या संकेतात लिहिलेल्या फाइलला ही खात्री नाही.

आपल्या वाचकांना हे समजावायला माझ्याकडे एक जवळचा शब्द आहे. वक्फ. वक्फ केलेली विहीर विकता येत नाही, वारसांत वाटता येत नाही, पाणी मात्र येणाऱ्या-जाणाऱ्याने प्यावे. ग्नूच्या परवान्यातही हेच तत्त्व आहे. या आज्ञावलीत तुम्ही भर घातली आणि ती पुढे वाटली, तर ज्या शर्तींवर तुम्हाला मिळाली त्याच शर्तींवर द्यावी लागते. मधेच कुणाला कुंपण घालता येत नाही. उपयोगी पडणारे इल्म मागे ठेवून जाणे हा माणूस गेल्यावरही चालू राहणारा सवाब आहे, असे आपण मुलांना शिकवतो. ज्यांनी हे सॉफ्टवेअर लिहिले त्यांच्या मनात हा विचार नसेलही, पण आपल्याला तो ओळखीचा वाटायला हवा.

आता आक्षेप. पहिला नोकरीचा. तळेगाव-चाकणच्या कंपन्या एक्सेल मागतात, मग लिबरऑफिस शिकवून पोरांचे नुकसान का करायचे? बेरीज, सरासरी, चाळणी, आलेख यांची रीत दोन्हीकडे जवळपास सारखीच आहे. ज्याला सूत्र समजले तो आठवड्याभरात दुसऱ्या पडद्यावर रुळतो. ज्याला फक्त 'इथे दाबा, मग तिथे दाबा' एवढेच शिकवले तो त्याच एक्सेलची नवी आवृत्ती आली की अडतो. शाळेने लिहायला शिकवायचे असते, एका कंपनीचे पेन धरायला नाही.

दुसरा आक्षेप जास्त खरा आहे. बिघडले तर बघणार कोण? घाटाखाली कर्जत तालुक्यातल्या खैराट या छोट्या वस्तीत २००७ मध्ये मुलामागे एक लॅपटॉप या जागतिक योजनेचा भारतातला पहिला प्रयोग झाला. ती यंत्रे लिनक्सवर चालत. पुढच्याच वर्षी त्या यंत्रांवर विंडोज एक्सपी घालण्याचा करार झाला आणि योजनेतच मतभेद माजले. देशाने मात्र ती योजना कधी मनावर घेतली नाही. गोव्यातही या शतकाच्या सुरुवातीला जुने संगणक लिनक्स घालून शाळांना देण्याचा उपक्रम झाला. असे प्रयोग चांगल्या माणसांच्या खांद्यांवर चालतात. खांदे थकले की थांबतात. उलट केरळने शाळांसाठी मुक्त सॉफ्टवेअर हे सरकारी धोरण केले, शिक्षकांना प्रशिक्षण दिले, पाठ्यपुस्तके त्यानुसार लिहिली, परीक्षाही त्यावर घेतली. म्हणून तिथे ते टिकले. जर्मनीतल्या म्युनिक महापालिकेने लिनक्स स्वीकारले आणि २०१७ मध्ये पुन्हा विंडोजकडे वळायचे ठरवले, हे उदाहरणही विरोधक देतात. ते खरे आहे. त्यातून निघणारा धडा एवढाच की, निर्णयामागे सातत्य लागते.

तिसरा आक्षेप असा की, कंपनी आपल्याशी कशाला वैर धरेल? वैर धरावे लागत नाही. जुलै २०२५ मध्ये युरोपीय संघाच्या निर्बंधांमुळे मायक्रोसॉफ्टने नायरा एनर्जी या भारतातल्या तेलकंपनीच्या सेवा अचानक रोखल्या. कंपनी दिल्ली उच्च न्यायालयात गेली, मग त्या पुन्हा सुरू झाल्या. निर्बंध योग्य की अयोग्य हा वाद वेगळा. इतकी मोठी कंपनी स्वतःच्या ईमेलसाठी कोर्टाची पायरी चढते, तर तिथे तुमच्या-माझ्या शाळेची काय कथा?

यावर सरकारने त्याच वर्षी देशी कंपनीचा मार्ग धरला आणि शिक्षण मंत्रालयाने कर्मचाऱ्यांना झोहो वापरायला सांगितले. झोहो उत्तम असेल, पण ते मुक्त नाही. किल्ली परक्याच्या खिशातून शेजाऱ्याच्या खिशात गेली, आपल्या हातात आली नाही. गंमत म्हणजे मुक्त सॉफ्टवेअरला प्राधान्य देण्याचे केंद्र सरकारचे धोरण २०१५ पासून कागदावर आहेच. मायक्रोसॉफ्टचे दस्तऐवज-स्वरूप आंतरराष्ट्रीय मानक म्हणून मताला आले तेव्हाही भारताने विरोधात मत दिले होते. तेव्हा जी जाण होती ती शाळेच्या दारापर्यंत पोहोचली नाही.

म्हणून मी सरकारकडे न मागता शाळा-समित्यांकडे, अंजुमनांकडे आणि सहकारी शिक्षकांकडे चार गोष्टी मागतो. बाद ठरलेला संगणक भंगारात देण्याआधी त्यातल्या एकावर लिनक्स मिंट घालून महिनाभर मुलांच्या हाती द्या. मराठी आणि उर्दू, दोन्ही मजकूर युनिकोडमध्येच लिहा. शाळेचे, जमातीचे, मशिदीच्या हिशेबाचे कागद ओपन डॉक्युमेंट या खुल्या स्वरूपात जपा. ते २००६ पासून आंतरराष्ट्रीय मानक आहे. आणि एका शिक्षकाने तरी आयआयटी मुंबईचे स्पोकन ट्यूटोरियल पाहून लिबरऑफिस शिकून घ्यावे. हे धडे मराठीतही आहेत, त्याला फी नाही.

यातले पहिले काम एका रविवारी दुपारी होते. लागते फक्त एक पेनड्राइव्ह आणि शिकायची तयारी असलेला एक माणूस. तो माणूस आपल्या शाळेत कोण, एवढे पुढच्या बैठकीत ठरवा.