नांवावर जाऊं नये

जुना प्रोग्रॅम नव्या संगणकावर बसविला कीं पुष्कळदां तो उघडतच नाहीं. अमुक डी. एल. एल. फाइल चालत नाहीं अशी पाटी येते. कोठें १९३ हा चुकीचा क्रमांक दिसतो. घरचा कित्येक वर्षांचा हिशेब त्यांत अडकून पडतो. अशा वेळीं कोठून तरी त्याच नांवाची फाइल उतरवून घेणें आम्हांस घातक वाटतें. परक्या फाइलीबरोबर विषाणु घरांत शिरूं शकतो, आणि मूळ अडचण तशीच राहण्याचा संभव असतो. कारण पुष्कळदां फाइल हरवलेली नसते, विजातीय असते.

डी. एल. एल. म्हणजे प्रोग्रॅमास लागणारीं तयार कामें सांठविलेली लायब्ररी. संस्कृतांत विशेषणाचें लिंग, वचन व विभक्ति विशेष्याप्रमाणें असतात, हें वाचकांस ठाऊक आहेच. येथें प्रोग्रॅम हें विशेष्य, लायब्ररी हें विशेषण. प्रोग्रॅम ३२ बिटांचा असेल, तर लायब्ररीही ३२ चीच पाहिजे. ३२ बिटांच्या प्रोग्रॅमांत स्मृतींतील पत्ता ४ बाइटांचा, ६४ मध्यें ८ बाइटांचा. एकाच घरांत हीं दोन मापें चालत नाहींत. ६४ बिटांची विंडोज ३२ चा प्रोग्रॅम चालविते खरी, पण तो सर्वांगानें ३२ चा असला तरच.

मग ओळखावें कसें? नांवावरून नव्हे. ‘दार’ म्हणजे पत्नी. पण तो शब्द पुल्लिंगी व बहुवचनी! तसेंच ६४ बिटांच्या विंडोजमध्यें ‘सिस्टिम३२’ या कप्प्यांत ६४ च्या फाइली असतात, आणि ३२ च्या ‘सिसवॉव६४’ मध्यें. दोहोंकडे फाइलीचें नांवही एकच असूं शकतें.

खरी ओळख फाइलीच्या पोटांत असते. तिची प्रत काढून नोटपॅडमध्यें उघडावी. आरंभीं रोमन एम व झेड दिसतात. थोडें पुढें पी व ई. त्यांच्यानंतर किंचित् जागा सोडून मोठा एल आला तर फाइल ३२ ची, लहान डी आला तर ६४ ची. एआरएम प्रोसेसरच्या ६४ बिटांच्या फाइलींतही डीच येतो. म्हणून त्यापुढील चिन्हही पाहावें. प्रोग्रॅमच्या मुख्य फाइलीचीही अशीच परीक्षा करून दोन्ही ताडून पाहाव्या. डॉटनेटच्या कांहीं फाइली मात्र एल असूनही दोन्हीकडे चालतात. नोटपॅड बंद करतांना कांहींही जतन करूं नये.

जात जुळली नाहीं, तर प्रोग्रॅमच्या कर्त्याकडूनच योग्य जातीची लायब्ररी घ्यावी. मायक्रोसॉफ्टची व्हिज्युअल सी++ लायब्ररी एक्स८६ व एक्स६४ अशा दोन्ही रूपांत तिच्या स्वतःच्या स्थळावर मिळते. ३२ बिटांच्या प्रोग्रॅमास, यंत्र ६४ चें असलें तरी, एक्स८६ चीच लागते. एवढें पाहिलें तर जुना हिशेब पुन्हां उघडण्याची आशा आहे, आणि चांगलें यंत्र बिघडलें म्हणून टाकून देण्याची पाळी येणार नाहीं.