पत्रिकेआधी व्हिसा बघा

तुळशीचं लग्न झालं की आमच्याकडे टेक्सासमध्ये फोन सुरू होतात. कधी कऱ्हाडची मामेबहीण, कधी साताऱ्याच्या मैत्रिणीची भाची, कधी चुलतसासूबाईंच्या ओळखीतली कुणीतरी. लग्न ठरलंय, मुलगा अमेरिकेत असतो, लग्नानंतर लगेच निघायचंय. ‘ताई, कुकर आणू का तिथे मिळतो? गोडा मसाला किती आणू? साड्या लागतात का फारशा?’ मी सगळ्यांना सगळं सांगते. कुकर इथे मिळतो. मसाला आण, पण दोन पिशव्यांत बांध, नाहीतर शालूला वास लागेल. डॅलसला थंडीपेक्षा उन्हाळा जास्त छळतो, तेव्हा सुती कपडे घे. मग मी विचारते, ‘तुझा व्हिसा कोणता?’ यावर बहुतेकींचं उत्तर एकच असतं : ‘ते सगळं तोच बघतोय.’

मला नेमकं याच उत्तराबद्दल बोलायचं आहे. परदेशातलं स्थळ आलं की आपण नाडी बघतो, मंगळ बघतो, पॅकेजचे रुपये करून बघतो, पुण्यातला फ्लॅट कुणाच्या नावावर आहे तेही आडून विचारतो. पण आपली मुलगी त्या देशात कुठल्या कागदावर राहणार आणि त्या कागदावर तिला काय काय करता येणार, हा प्रश्न बैठकीत निघत नाही. परक्या मुलखात रुळणं हा मुलीच्या स्वभावाचा भाग आहे, असं आपण धरून चालतो. ‘आमची मुलगी कुठेही रमते’ असं कौतुकाने सांगतो. रमायला स्वभाव लागतो हे खरं, पण त्याआधी कागद लागतो.

मी बी.फार्म झालेली. कऱ्हाडला शिकले, औषधांच्या कंपनीत क्वालिटी कंट्रोलला नोकरी केली, पगार घरी दिला, स्कूटरचे हप्ते स्वतः फेडले. २०१३ मध्ये लग्न झालं आणि एच-१बी या नोकरीच्या व्हिसावर असलेल्या नवऱ्यामागे मी एच-४ वर आले. एच-४ म्हणजे आश्रिताचा व्हिसा. त्यावर राहता येतं, शिकता येतं, पण नुसत्या एच-४ वर पगाराचं काम करता येत नाही. काम करता येत नाही म्हणून सोशल सिक्युरिटी नंबर मिळत नाही, आणि तो नंबर नसला की बँकेपासून मोबाइलच्या कनेक्शनपर्यंत प्रत्येक खिडकीवर नवऱ्याला सोबत न्यावं लागतं. घर भाड्याने घेतलं त्याच्या नावावर, वीज त्याच्या नावावर, कार्ड त्याचं. नवरा चांगलाच होता आणि आहे. पण आईच्या वाढदिवसाला पैसे पाठवायचे तर त्याच्याकडे मागायचे, आणि त्याने कधी नाही म्हटलं नाही तरी मागायचेच, याची मला सवय नव्हती. ती कधी झालीही नाही.

त्यात टेक्सास. इथे बऱ्याच वस्त्यांत फुटपाथ मध्येच संपतो आणि भाजीचं दुकान हमरस्त्याच्या पलीकडे असतं. गाडी येत नसेल तर बाई घरातच अडकली. मी गाडी शिकले, परवाना काढला, तेव्हा कळलं की आमच्यासारख्यांच्या परवान्याची मुदत व्हिसाच्या मुदतीला बांधलेली असते. नवऱ्याच्या मुदतवाढीचा कागद रखडला की माझं गाडी चालवणंही रखडणार. दुसऱ्याच्या नोकरीवर आपलं किती काय टांगलेलं असतं, ते मला त्या परवान्याच्या खिडकीवर उभं राहिल्यावर पुरतं समजलं.

आमच्याच इमारतीत नागपूरची एक मैत्रीण होती. तिचं लग्नही माझ्याच वर्षीचं, नवराही आयटीतलाच. फरक इतकाच की त्याला त्याच्या कंपनीने बदलीवर पाठवलं होतं, म्हणून तो एल-१ वर आणि ती एल-२ वर. तिने कामाच्या परवान्यासाठी अर्ज केला, काही महिन्यांत कार्ड हातात आलं, ती नोकरीला लागली. नोव्हेंबर २०२१ पासून तर एल-२ वरच्या जोडीदाराला त्या वेगळ्या कार्डाचीही गरज उरली नाही. दोघी सारख्या शिकलेल्या, सारख्या हौसेने आलेल्या. पण ती सकाळी डबा घेऊन बाहेर पडायची आणि मी गॅलरीत कपडे वाळत घालायचे. कपडे बाहेर वाळत घालू नका अशी नोटीस आली, तेव्हा तेही बंद झालं.

एच-४ वाल्यांसाठी दार किलकिलं झालं ते २०१५ च्या मे महिन्यात. एच-१बी वाल्याचा ग्रीन कार्डाचा अर्ज ठरावीक टप्प्यापर्यंत पोचला असेल, म्हणजे त्याची आय-१४० ही पायरी मंजूर झाली असेल, किंवा सहा वर्षांच्या मर्यादेपलीकडे त्याला मुदतवाढ मिळाली असेल, तरच त्याच्या जोडीदाराला कामाचं कार्ड मिळतं. हा ‘तरच’ फार महत्त्वाचा आहे. नवऱ्याच्या कंपनीने ती प्रक्रिया सुरू केली नाही, तर बायको घरी. ती मंजुरी मिळण्याआधीच त्याने नोकरी बदलली, तर नव्या कंपनीकडे प्रक्रिया पुन्हा पहिल्यापासून. या नियमाविरुद्ध लगेच खटला गुदरला गेला आणि दहा वर्षं ती तलवार आमच्या डोक्यावर लटकत राहिली. ऑक्टोबर २०२५ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ते प्रकरण ऐकायला नकार दिला, तेव्हा कुठे हायसं वाटलं. पण त्याच महिन्याच्या अखेरीस दुसरा नियम बदलला. कार्डाच्या नूतनीकरणाचा अर्ज वेळेत केला की जुन्या कार्डावर काम चालू ठेवायची जी मुभा होती, ती नव्या अर्जांसाठी काढून घेतली. आता नवं कार्ड वेळेत आलं नाही, तर कामावरून घरी बसायचं.

बरं, हे चार दिवसांचं आहे असंही नाही. नोकरीच्या आधारावर वर्षाला सुमारे १,४०,००० ग्रीन कार्डं निघतात, त्यांत बायकापोरंही मोजली जातात, आणि एका देशाच्या वाट्याला साधारण ७ टक्केच येतात. भारतीयांची रांग म्हणून लांब. २०२५ मध्ये २०१३ च्या सुमारास अर्ज केलेल्यांचे नंबर लागत होते. आज लग्न करून जाणाऱ्या मुलीने तात्पुरत्या व्हिसावरचं आयुष्य हेच पुष्कळ वर्षांचं आयुष्य धरून चालावं.

व्हिसानंतर पदवी. मला कामाचं कार्ड मिळालं तेव्हा वाटलं, आता फार्मसिस्टची परीक्षा द्यायची. चौकशी केली तर नियम असा निघाला : १ जानेवारी २००३ नंतर पदवी घेतलेल्या परदेशी फार्मसिस्टचा अभ्यासक्रम किमान पाच वर्षांचा हवा. आपला बी.फार्म चार वर्षांचा. म्हणजे परीक्षेला बसायलाच मिळत नाही, हुशारीचा प्रश्न येतच नाही. मग मी टेक्निशियनची परीक्षा दिली आणि एका औषधाच्या दुकानात लागले. काम म्हणजे ट्रेवर गोळ्या ओतायच्या, पट्टीने पाच-पाच सरकवत मोजायच्या, बाटलीत भरायच्या, लेबल लावायचं. एकदा एक तेलुगू आजीबाई मेटफॉर्मिनची बाटली हातात घेऊन मला विचारत होत्या, जेवणाआधी घ्यायची की नंतर. आजींना इंग्रजी जेमतेम, मला हिंदी येतं, त्यांनाही थोडं येत होतं. उत्तर मला पहिल्या वर्षापासून पाठ होतं. पण टेक्निशियनने रुग्णाला औषधाचा सल्ला द्यायचा नाही, असा नियम. नियम योग्यच आहे. मी आत जाऊन फार्मसिस्टला बोलावलं, तो बोलला, आणि मी त्याचं बोलणं आजींना हिंदीतून सांगितलं.

हे माझं रडगाणं नाही. त्या दुकानात मी पुष्कळ शिकले आणि पहिल्या पगाराचे पैसे आईला पाठवले तेव्हा कुणालाही विचारलं नाही. पण बी.फार्मच्या मुलीला हे लग्नाआधी कळायला हवं. बीएएमएस, बीएचएमएस झालेल्या कितीतरी मुली महाराष्ट्रातून लग्न करून येतात. त्या पदव्यांवर अमेरिकेत डॉक्टरकी करता येत नाही. बीडीएस झालेलीला इथल्या दंतवैद्यक कॉलेजात पुन्हा शिकावं लागतं, आणि त्याची फी ऐकून सासरचे गप्प होतात. एमबीबीएस झालेलीला परीक्षा द्याव्या लागतात आणि नंतर रेसिडेन्सीची जागा मिळवावी लागते. ज्या पदवीसाठी बापाने शेताचा तुकडा विकला, ती विमानतळावर उतरताच नुसता कागद होणार असेल, तर तो हिशेब बैठकीतच व्हायला हवा.

यावर मला नेहमी दोन गोष्टी ऐकवल्या जातात. पहिली, ‘नवरा डॉलरमध्ये कमावतोय, तुला नोकरीची काय गरज?’ महाराष्ट्र मंडळाच्या गणपतीत मोदक वळताना हे मी मराठी बायकांच्याच तोंडून ऐकलं आहे. त्यांना मी साधा हिशेब सांगते. एच-१बी वाल्याची नोकरी गेली तर दुसरी शोधायला त्याला जास्तीत जास्त ६० दिवस मिळतात, आणि त्याच्याबरोबर बायकोमुलांचंही इथलं राहणं संपतं. घराचं भाडं, गाडीचा हप्ता, मुलाची शाळा सगळं एका पगारावर उभं. अशा घरात दुसरा कमावता हात असणं ही चैन नव्हे. मुलीने घर सांभाळायचं ठरवलं तर जरूर सांभाळावं. माझ्या ओळखीत अशा आनंदी मुली आहेत. पण ते तिने ठरवलेलं असावं, व्हिसाच्या नियमाने ठरवलेलं नसावं.

दुसरी गोष्ट, ‘इतकं खोदून विचारलं तर स्थळ हातचं जाईल.’ जाऊ दे. मुलाकडचे मुलीची उंची आणि रंग विचारतात, तेव्हा आपण संकोचत नाही. मग व्हिसाचा प्रकार विचारताना कसला संकोच? प्रामाणिक मुलाला या प्रश्नाचा राग येत नाही. उलट बरं वाटतं, कारण बायको घरात कोंडलेली असेल तर संध्याकाळी दमून घरी येणाऱ्या त्यालाही ते जड जातं. माझ्या नवऱ्याला कुणी हे विचारलं असतं तर त्याने सरळ उत्तर दिलं असतं. त्याला कुणी विचारलंच नाही, आणि त्यालाही आपणहून सांगायला सुचलं नाही.

देश बदलला की नियम बदलतात, म्हणून ‘फॉरेन’ हा एकच रकाना करून चालत नाही. जर्मनीत ब्लू कार्ड या नोकरीच्या परवान्यावर असलेल्याच्या जोडीदाराला जाण्याआधी जर्मन भाषेची परीक्षा द्यावी लागत नाही आणि गेल्यापासून नोकरीही करता येते. ब्रिटनमध्ये स्किल्ड वर्कर व्हिसावाल्याच्या जोडीदाराला काम करता येतं. कॅनडा सोपा म्हणून ओळखला जायचा, पण २१ जानेवारी २०२५ पासून तिथे ठरावीक प्रकारच्या नोकऱ्या करणाऱ्यांच्याच जोडीदारांना मोकळा कामाचा परवाना मिळतो. म्हणून मावशीच्या जावेच्या मुलीचा पाच वर्षांपूर्वीचा अनुभव ऐकून निर्णय घेऊ नका. त्या देशाच्या सरकारी संकेतस्थळावरचा आजचा नियम वाचा. इंग्रजी वाचता येणारं एक माणूस आता प्रत्येक घरात आहे.

फसवणुकीची प्रकरणं हा निराळा आणि मोठा विषय आहे. फेब्रुवारी २०२४ मध्ये विधी आयोगाने अनिवासी भारतीयांच्या लग्नांची नोंदणी सक्तीची करावी अशी शिफारस केली, ती त्याचसाठी. महाराष्ट्रात विवाहनोंदणीचा १९९८ चा कायदा आहे, तेव्हा नोंदणी मुलीने निघण्याआधी इथेच करून घ्यावी, आणि पासपोर्ट व विवाह प्रमाणपत्र स्वतःच्या पर्समध्ये ठेवावं. ही काळजी चांगल्या सासरीही घ्यायची असते.

येत्या लग्नसराईत ज्यांच्या घरी परदेशातलं स्थळ येईल, त्यांनी याद्या करायच्या आधी एवढं विचारावं. मुलाचा व्हिसा कोणता आणि तो कधीपर्यंतचा? मुलीला कोणता मिळणार, त्यावर काम करता येतं का आणि केव्हापासून? अमेरिकेत असेल तर आय-१४० मंजूर झाला आहे का? मुलीची पदवी तिथे चालते का, चालत नसेल तर पुढच्या शिक्षणाचा खर्च कोण करणार? तिचं नाव बँक खात्यावर पहिल्या महिन्यातच लागेल का? तिला गाडी कोण शिकवणार? हे विचारायला वडिलांना अवघड वाटत असेल, तर मुलीने स्वतः विचारावं, आणि उत्तरं कागदपत्रांसह मागावीत. जो मुलगा ती दाखवायला टाळाटाळ करेल, त्याच्याशी पत्रिका छत्तीस गुणांनी जुळत असली तरी लग्न करू नये.