पंखा आमच्या डोंगरावर, नोकरी कुणाच्या गावात?



साक्री तालुक्यात ब्राह्मणवेलच्या डोंगरांवर पवनचक्क्या फिरतात. शिवाजीनगरला 125 मेगावॅटचा सरकारी सोलर प्रकल्प 2013 पासून उभा आहे. वारा आमच्याकडचा, ऊन आमच्याकडचं, आणि डोंगरावर वनजमीन कसणारे कोण होते ते या भागात लहान पोरगंही सांगेल. आता म्हणतात, या विजेत रोजगार आहे, बायांनाही आहे.

आम्ही पाड्यापाड्यात विचारलं, कोणतं काम मिळालं? रस्ता होताना खडी उचलली. प्लेटांभोवतीचं गवत काढलं, प्लेटा धुतल्या. हजेरी ठेकेदाराच्या वहीत, काम संपलं की घरी. पॅनेलच्या खोलीत बसणारा, टावरवर चढणारा, महिन्याचा पगार घेणारा माणूस बाहेरून आलेला. आमच्यातले दोन-चार पोरगे वॉचमन झाले. बाई वॉचमनसुद्धा नाही.

साहेब लोकांचं यावर ठरलेलं उत्तर आहे. "तुमच्या बायकाच पुढे येत नाहीत, लाजतात, गाव सोडत नाहीत." हे साफ खोटं आहे. दिवाळी झाली की सुरत-बारडोलीकडं ऊस तोडायला कोण जातं? डोक्यावर मोळी घेऊन फळीवरून ट्रकात कोण चढतं? ती बाई टावरला भिणार?

पण ऊसतोडीला अख्खा पाडा जातो. पोरं बरोबर असतात, उचल आधी हातात पडते. आणि सोलरचं शिक्षण कसं आहे बघा. 2015 पासून केंद्र सरकारचं सूर्यमित्र नावाचं प्रशिक्षण आहे, 600 तासांचं, तीन महिने तिथंच राहून. फुकट आहे, चांगलं आहे. पण त्याला दहावी आणि वर आयटीआय लागतं. आयटीआय तालुक्याला, एसटी पाड्यापर्यंत येत नाही, आणि पोरगी शाळा सोडते ती तिथंच, जिथं रस्ता संपतो. पोरं असलेल्या बाईनं तीन महिने मजुरी सोडून एकटीनं शहरात राहायचं, मग चूल कोण पेटवणार? म्हणजे आडवं येतं ते अंतर. पोरीत काही कमी नाही.

दुसरी गोम कागदात आहे. जमीन गेलेल्या घरातल्या एकाला नोकरी देऊ म्हणतात तेव्हा कागदावरचं नाव बघतात. बाप्याचं नाव, मग त्याच्या पोराला नोकरी. वनहक्क कायद्याच्या कलम 4(4) मध्ये लिहिलंय की लग्न झालेल्यांचा पट्टा नवरा-बायको दोघांच्या नावावर पाहिजे. आपल्याच घरांत किती पट्टे तसे आहेत? हा प्रश्न साथींनो, तुम्हाला आहे, साहेबाला नाही.

काम गावाजवळ आणता येतं. राजस्थानात डुंगरपूरला, भिलांच्या मुलखात, आदिवासी बाया सोलर प्लेटा बनवण्याचा कारखाना चालवतात. मुंबईच्या आयआयटीनं शिकवलं, पण शिकवायला ते तिकडं गेले. आधी बायांनी सोलर दिवे जोडले, मग कारखाना उभा राहिला. आणि अजमेरजवळ तिलोनियाला तर अक्षर न येणाऱ्या आज्या सहा महिन्यांत सोलरची जोडणी-दुरुस्ती शिकतात. त्यांना कुणी दहावीचा दाखला मागितला नाही.

आपल्याकडं हे होईल का, असं विचारू नका, कायदाच वाचा. वनहक्क कायदा कलम 3(2): शासनाच्या सोयींसाठी एक हेक्टरच्या आत वनजमीन देता येते, हेक्टरी 75 पेक्षा जास्त झाडं तुटणार नसतील तर. त्या यादीत शाळा, दवाखान्याबरोबर अपारंपरिक ऊर्जा आहे आणि कौशल्य प्रशिक्षण केंद्रही आहे. शिफारस ग्रामसभेची लागते. मोठ्या प्रकल्पाला शेकडो एकर मागताना यांना कायदा पाठ असतो, हे कलम मात्र कुणी सांगत नाही.

म्हणून येत्या ग्रामसभेत आमची मागणी अशी राहील. प्रशिक्षण केंद्र पाड्यांच्या मध्ये, दिवसाचं, पोरांना सांभाळायच्या सोयीसकट, आणि शिकणाऱ्या बाईला त्या दिवसांची मजुरी. नव्या प्रकल्पाला संमती मागायला आले तर दुरुस्तीच्या आणि पॅनेलच्या खोलीतल्या नोकऱ्यांत बायांच्या किती, ते आकड्यात, सहीशिक्क्यानं लिहून घ्यायचं. तोंडी नको.

वनहक्काच्या ग्रामसभेला निम्मे सभासद हजर पाहिजेत आणि हजर असलेल्यांत तिसरा हिस्सा बाया. त्याशिवाय ठराव होत नाही. घरी बसलेल्या बाईच्या अंगठ्यासाठी कुणी रजिस्टर घेऊन दारात आलं तर अंगठा देऊ नका, सभेला या.